मावशीला पोहता येत होतं

माझा भाऊ नांदेडला एका मैदानावर धावता धावता पडला, तो उठलाच नाही. बावीस वर्षांचा होता. पोलीस भरतीच्या तयारीसाठी लातूरहून माझ्या खोलीवर येऊन राहिला होता. मी तेव्हा नांदेडला शिकत होते. सोळाशे मीटरची शेवटची फेरी चालली होती. सोबतची पोरं म्हणाली, चक्कर आली असेल म्हणून आम्ही तोंडावर पाणी मारलं. दवाखान्याची गाडी यायला पाऊण तास लागला. शवविच्छेदनात काही सापडलं नाही. हृदय ठीक, मेंदू ठीक, पोटात विष नाही. मृत्यूचं कारण निश्चित सांगता येत नाही, असं कागदावर लिहून आलं.

कारण सांगता येत नाही, हे आमच्या घरात चालत नव्हतं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, पण लातुरात त्यांना ओळखतात ते पत्रकं काढणारे गुरुजी म्हणून. कुणाला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, कुणी देवीच्या नावानं पोरगी सोडली, कुणाची मजुरी बुडवली, की दोन दिवसांत वडिलांचं पत्रक निघायचं. आम्ही भावंडं लिहायला शिकायच्या आधी पत्रकं दुमडायला शिकलो. एकाखाली एक ठेवून अंगठ्याच्या नखानं घडी मारायची. अजून माझ्या उजव्या अंगठ्याचं नख त्या बाजूला जरा चपटं आहे.

म्हणून भावाच्या जलदान विधीला माणसं जमली तेव्हा मी पत्रक काढलं होतं. मैदानावर डॉक्टर नव्हता, गाडी नव्हती, गरिबाच्या पोरांनी ऊर फुटेस्तोवर धावायचं आणि पडलं तर पडलं, असं मी लिहिलं. त्यातलं एकही वाक्य मी आज मागे घेत नाही. पण त्या पत्रकात मी आणखीही एक गोष्ट लिहिली होती. माझा भाऊ ठणठणीत होता, त्याला कधी साधं डोकं दुखलं नव्हतं, असं. ते खरं नव्हतं. दहावीत असताना एसटीमागं पळताना तो स्टँडवर कोसळला होता. मिनिटभरात उठला, हसला, म्हणाला, ताई, आईला सांगू नको, ती मला डबल जेवायला लावील. मी सांगितलं नाही. पत्रक लिहिताना मला ते आठवलं आणि मी ते बाजूला ठेवलं, कारण त्यानं मुद्दा पातळ झाला असता.

विधीनंतर पंधराएक दिवसांनी एक डॉक्टरबाई लातूरच्या घरी आल्या. नांदेडला हृदयाच्या विभागात होत्या आणि तरुणपणी अचानक गेलेल्या, तपासणीत काही न सापडलेल्या माणसांच्या घरच्यांचा अभ्यास करत होत्या. वयानं माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांच्या पिशवीत ईसीजीचं लहान यंत्र होतं. हृदयाची धडधड चालते ती विजेवर, आणि काही घराण्यांत त्या विजेत जन्मापासून गडबड असते, असं त्यांनी समजावलं. हृदय दिसायला धडधाकट, पण धावताना किंवा दचकल्यावर ताल सुटतो. मेल्यावर वीजच राहत नाही, म्हणून शवविच्छेदनात दिसत नाही. घरातल्या बाकीच्यांना असू शकतं, तुमचे ईसीजी काढू द्या, थोडं रक्त द्या.

मी त्यांना बसही म्हटलं नव्हतं.

मी म्हणाले, "म्हणजे मैदानाची चूक नाही, आमच्या रक्तातच खोट आहे, असं का?"

"खोट नाही म्हणत मी."

"पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी आमचं रक्तच वाईट ठरवलं. ते यंत्राशिवाय ठरवायचे. तुम्ही यंत्र घेऊन आलात, एवढाच फरक."

त्यांनी यंत्र पिशवीत ठेवलं. चिडल्या नाहीत. जाताना नंबर लिहिलेला कागद त्यांनी टीव्हीवर ठेवला आणि म्हणाल्या, "माझा भाऊ असता तर मीही अशीच भांडले असते. पण ताई, थांबू नका फार."

मी थांबले. तीन महिने. मोर्चा काढला, निवेदनं दिली, भाषणं केली. आईनं एकदा विचारलं, त्या बाई काय म्हणत होत्या गं? मी म्हणाले, काही नाही, सरकारला वाचवायला आल्या होत्या. शेवटी वडिलांनीच मला अडवलं. ते शाळेतून आले होते, चप्पल काढता काढता म्हणाले, "तपासून बघितल्याशिवाय नाही म्हणायचं, हे आपल्यात बसतं का?"

"पण अण्णा, ते लोक..."

"मी गावोगाव काय सांगत फिरलो? बघा, मोजा, मग माना. की ते फक्त दुसऱ्यांसाठी होतं?"

आम्ही तिघं नांदेडला गेलो. माझा ईसीजी चांगला निघाला, वडिलांचाही. आईच्या कागदावर डॉक्टरबाई पट्टी लावून लाटांमधलं अंतर बराच वेळ मोजत बसल्या. रक्त पुढं तपासायला गेलं आणि काही आठवड्यांनी पक्कं कळलं: आईत आहे. आईकडून ते भावाला गेलं, मला आलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या आईनं अंगणवाडीत जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांची वजनं तक्त्यात भरली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, गोळ्या कशा घ्यायच्या विचारलं, चिठ्ठी घडी करून ब्लाऊजात ठेवली. मग म्हणाली, "नऊ महिने वागवलं त्याला, आणि त्यात हे दिलं."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाई, हे कुणी देत नसतं. तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?"

आई म्हणाली, "माहीत नसलं तरी दिलंच की."



मग बाईंनी कोरा कागद घेतला आणि आईच्या माहेरचं झाड काढायला लागल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. मामा, आजोबा, आजी. कुणी तरुणपणी गेलं? कुणाला फिट यायच्या? कुणी अचानक, गाडी चालवताना, पाण्यात?

मी लगेच नाही म्हटलं. आई म्हणाली, "माझी बहीण."

वडील म्हणाले, "ती वेगळी गोष्ट आहे."

"कशानं गेल्या?" बाईंनी विचारलं.

"विहिरीत," वडील म्हणाले. "सासरच्यांच्या जाचानं."

ही माझी धाकटी मावशी. अहमदपूरला दिलेली होती. मी सात वर्षांची असताना ती दुपारी विहिरीवर गेली आणि तिथंच गेली. कपडे काठावर धुऊन पिळून ठेवलेले होते. तिची मुलगी तेव्हा दोन वर्षांची. माझा भाऊही तेवढाच. वडिलांनी आठ दिवसांत पत्रक काढलं. आमच्या बहिणीला विहिरीत कुणी ढकललं, असं ठळक अक्षरात वर होतं आणि खाली मावशीचा नवरा आणि त्याची आई, दोघांची नावं. ते अहमदपूरच्या बसस्टँडवर वाटलं गेलं. घड्या मी घातल्या होत्या. दोघांना अटक झाली. मावशीची सासू तुरुंगातून आजारी होऊनच बाहेर आली आणि लवकरच गेली. पुढं कोर्टात काही सिद्ध झालं नाही, मावशीचा नवरा, म्हणजे काका, सुटले. आमच्या घरात त्याचा अर्थ एकच होता: पैसेवाला नसला तरी पुरुष म्हणून सुटला. त्या घराशी आमचं बोलणं, जाणं-येणं, लग्नकार्य सगळं तुटलं.

यातलं बरंचसं वडिलांनी सांगितलं, तोवर डॉक्टरबाईंनी पेन कागदावरून उचललं नव्हतं. त्यांनी आईकडं बघून विचारलं, "पोहता येत होतं त्यांना?"

आई म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगलं. आमच्या गावच्या पोरींना तिनंच शिकवलं. वरून सूर मारायची."

"कपडे धुऊन झाल्यावर पोहायची?"

"उन्हाळ्यात हमेशा."

बाई हळूहळू सांगत गेल्या. या आजाराच्या एका प्रकारात पाण्यात उडी घेतली, जोरानं पोहलं, की ताल सुटतो. माणूस बेशुद्ध पडतं, आणि पाण्यात बेशुद्ध पडलं की बुडतं. चांगलं पोहणारी माणसं अशी बुडालेली आहेत. "आता त्यांच्याबद्दल खात्रीनं सांगता यायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यांची मुलगी आहे ना? तिला तपासायला हवं. लवकर."

वडील उठून बाहेर गेले. मी काचेतून बघितलं, ते नळापाशी गेले, नळ सोडला, पाणी प्यायले नाहीत, नुसते नळाकडं बघत राहिले. आपण खोटं लिहिलं असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ते खोटं बोलणारे नव्हतेच. हुंडा, जाच, जाळलेल्या-बुडवलेल्या सुना हे सगळं आजूबाजूला घडतच होतं, आणि त्यांनी मावशीला त्या रांगेत उभं केलं. ती कशी गेली हे विचारायच्या आधी ती कुणामुळं गेली हे त्यांनी ठरवलं होतं. मी भावाच्या वेळी तेच केलं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. घडी मारता मारता आलं होतं.

त्या आठवड्यात वडील आणि मी अहमदपूरला गेलो. आईला यायचं होतं, पण वडील म्हणाले, पहिली शिवी मला खाऊ दे. काकांची पिठाची गिरणी आहे. आम्ही पोचलो तेव्हा ज्वारीचं दळण चाललं होतं, दारात दोन बाया डबे घेऊन बसल्या होत्या. काकांच्या भुवयांवर पीठ होतं. मी त्यांना वीस वर्षांनी बघत होते आणि तरी ओळखलं.

वडील म्हणाले, "जयभीम, पाहुणे."

काकांनी बघितलं. गिरणी बंद केली नाही. त्या आवाजात मोठ्यानं म्हणाले, "दळण संपू द्या."

आम्ही उभे राहिलो. बायांनी डबे नेले. मग त्यांनी पट्टा थांबवला, खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं.

"काय गुरुजी. आता कोणतं पत्रक घेऊन आलाव?"

"पत्रक नाही आणलं."

"मग मोकळ्या हातानं कसं काय?" ते माझ्याकडं वळले. "भाऊ गेला म्हणून कळलं होतं, बाई. आलो न्हाई. तुमच्या दारात मला कोण उभं करणार होतं?"

वडिलांनी सगळं सांगितलं. शाळेत शिकवतात तसं, क्रमानं, न अडखळता: भाऊ, आई, कागदावरचं झाड, पाणी. शेवटी म्हणाले, "मी लिहिलेलं चूक होतं, असं आता मला वाटतं. ती पोहायला उतरली असणार."

काका पोत्यावर बसले. बराच वेळ ते हातावरचं पीठ दुसऱ्या हातानं पुसत होते आणि ते निघत नव्हतं.

"त्या दिवशी सकाळी मी तिला बोललो होतो," ते म्हणाले. "भाकरी कच्ची राहिली म्हणून. लई न्हाई बोललो. पण बोललो. ती काहीच म्हणली न्हाई, धुणं घेऊन गेली. तुम्ही लिवलं की ढकललं. मी ढकललं न्हाई, हे मला माहीत होतं. पण मनात म्हणायचो, गुरुजी निम्मं खरंच लिवून गेले. बोललो म्हणूनच गेली. आईला मी जेलात तेच सांगितलं. आई मरताना म्हणली, बाबा, एका भाकरीपायी."

वडील खाली बघत होते. "माझी चूक झाली, पाहुणे."

"पत्रक बसस्टँडवर वाटलंत. चूक गिरणीत येऊन सांगताव?"

"स्टँडवरही सांगतो."

"आता कोण वाचतंय." काका उठले. "दुसरी बायको कुणी दिली न्हाई मला. पोरीला मीच वेणी घालून शाळेत धाडली. बाया हसायच्या माझ्या वेणीला."

वडिलांनी पुढं स्टँडवर काय केलं, कोणतं पत्रक वाटलं, ते मी इथं लिहीत नाही. ते त्यांचं आहे. काकांनी त्यांना माफ केलं, असंही नाही. ते एवढंच म्हणाले, "पोरीचं बघा आधी. तुमचं-माझं ऱ्हाऊ द्या. ते न्हाई मिटायचं."

मुलगी आतल्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, लांब चेहरा, मावशीसारखा म्हणे. मला मावशी नीट आठवत नाही. तिनं मला विचारलं, "मला शाळेत दोनदा चक्कर आली होती. कवायतीच्या वेळी. मास्तरीण म्हणली, आईवर गेलीस, नाटकं करतीस. ते हेच असंल का?"

"असू शकतं."

"मग उद्याच जाऊ."

दुसऱ्या दिवशी ती आणि काका नांदेडला आले. आईही आली होती. आईनं भाचीला वीस वर्षांनी बघितलं, तिचा हात धरून बाकावर बसवलं आणि सोडलाच नाही. काका समोरच्या बाकावर, वडील व्हरांड्याच्या पार टोकाला. रांग मोठी होती. कोरड्या खोकल्याची एक म्हातारी सारखी विचारत होती, माझा नंबर गेला का गं माय.

त्या दोन तासांत मी मनात एकच गोष्ट घोळवत होते: काही निघू नये. देव मी मानत नाही, त्यामुळं कुणाला मागायचं तेही माहीत नव्हतं. पण या पोरीचा कागद स्वच्छ निघावा, तिला जन्मभर गोळ्या नकोत, जपून चालणं नको, लग्नाच्या वेळी उंबऱ्यावर थांबून सांगणं नको. आमच्यामुळं तिचं सगळं आधीच गेलं होतं. निदान एवढं तरी जाऊ नये.

तिचा नंबर आला तेव्हा तिनं मला आत बोलावलं. खाटेवर आडवी झाली. परिचारिका तारा लावत होती, गार जेल लागल्यावर ती शहारली. डॉक्टरबाई आल्या, तेव्हा ती पडल्या पडल्या म्हणाली, "मॅडम, एक विचारू? हे आईकडून येतं ना?"

"आईकडून किंवा वडिलांकडून. पण तुझ्या घरात ते मावशीत, या ताईंच्या आईत, सापडलंय, म्हणजे तुझ्यात असलं तर बहुतेक आईकडूनच."

"म्हणजे माझ्यात सापडलं, तर माझ्या आईला होतंच."

"रक्ताच्या तपासणीत तेच निघालं, तर हो. होतंच म्हणायचं."

"आणि आईला असलं, तर ती बुडाली. उडी मारून जीव दिला न्हाई."

डॉक्टरबाईंनी घाईनं हो म्हटलं नाही. म्हणाल्या, "शपथेवर सांगता येणार नाही. पण मी तसंच मानीन."

ती छताकडं बघत म्हणाली, "लहानपणापासून मी विचार करत आले, मी दोन वर्षांची होते, मला सोडून तिला जावंसं कसं वाटलं. बाबाला विचारता येत नव्हतं. कुणालाच विचारता येत नव्हतं." तिनं डोळे मिटले. "सापडू दे, मॅडम."

परिचारिकेनं सांगितलं, बोलू नको, हलू नको. यंत्रातून कागद यायला लागला. मी त्याच्याकडं बघितलंच नाही. तिच्या पायाच्या बोटांकडं बघत होते, ती ताणलेली होती. मी काय मागत होते आणि ती काय मागत होती, हे एकाच खोलीत, एका हाताच्या अंतरावर.

डॉक्टरबाई कागद घेऊन खिडकीशी गेल्या. पट्टी लावली, मोजलं, पुन्हा दुसऱ्या जागी मोजलं. परत आल्या आणि तिच्या शेजारी खाटेवर बसल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "अंतर लांबलेलं आहे. रक्त आज घेऊ, पक्कं करू. पण गोळ्या आजपासूनच."

मला रडू आलं. ती रडली नाही. तिनं मान हलवली, उठून बसली, जेल पुसायला दिलेला कापूस हातात तसाच धरून विचारलं, "हा कागद मला मिळंल का? थोडा वेळ? बाबाला दाखवायचाय."

बाईंनी झेरॉक्स काढून आणायला सांगितली. ती म्हणाली, झेरॉक्स नको, हाच. मग बाईंनी तोच तिच्या हातात दिला. तिनं ओढणी सारखी केली आणि कागद दोन्ही हातांनी आडवा धरून, दुमडू न देता, बाहेर बाकावर बसलेल्या आपल्या बापाकडं गेली.